शेताचं लोखंडी फाटक लोंबू नये म्हणून: खांब, बिजागऱ्या आणि कडी

नवं फाटक उन्हाळ्यात एका हाताने उघडतं आणि पहिला पावसाळा सरला की त्याचं टोक जमिनीवर घासायला लागतं. मग बिजागरी बदलली जाते, टोकाखाली दगड ठेवला जातो, फॅब्रिकेटरला बोल लावला जातो. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, उभी रेष तपासायला) लावून पाहिलं तर बहुतेक वेळा फाटक जसंच्या तसं सरळ असतं, कललेला असतो तो खांब. म्हणून इथे फाटकाच्या चौकटीपेक्षा खांबाला आणि दोन बिजागऱ्यांमधल्या अंतराला जास्त जागा दिली आहे. मोजमापं १० फूट रुंद, साडेचार फूट उंच अशा एका झडपेच्या (पल्ल्याच्या) पाईपच्या फाटकाची आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉली जाणाऱ्या शेताला सरळ रस्त्यावर ते पुरतं. अरुंद रस्त्यावरून वळून आत शिरायचं असेल, ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या किंवा हार्वेस्टर येणार असेल तर १४ ते १६ फूट रुंदी ठेवा आणि दोन झडपा करा.

जागा ठरवताना

फाटक रस्त्याच्या कडेला लावू नका. ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली रस्त्यावरून पूर्ण उतरून फाटकासमोर उभी राहिली पाहिजे, म्हणजे कडेपासून २५ ते ३० फूट आत. झडप शेताच्या बाजूला उघडावी. ज्या भागावरून ती फिरणार, त्या संपूर्ण अर्धवर्तुळात जमीन तपासा. बिजागरीच्या जागी खुंटी ठोकून १० फुटांची दोरी ताणून फिरवली की उंचवटा कुठे आहे ते लगेच दिसतं. शेजाऱ्याची वहिवाट असलेल्या वाटेवर फाटक घालून कुलूप लावणं म्हणजे भांडण विकत घेणं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतो.

आणखी एक क्रम पाळा: आधी फाटक बनवून आणा, मग खड्ड्यांची आखणी करा. कागदावर १० फूट असलेली झडप दुकानातून इंचभर कमी-जास्त येते, आणि खांब एकदा काँक्रीटमध्ये गेले की त्या इंचाला काही करता येत नाही. झडपेची खरी रुंदी, बिजागरीच्या बाजूची फट (साधारण दोन इंच, तुमच्या बिजागरीवर ठेवून मोजा) आणि कडीच्या बाजूची एक इंच फट, या तिन्हींची बेरीज म्हणजे दोन खांबांमधलं मोकळं अंतर.

बिजागरीवर किती ताण येतो

४० मिमी बी क्लास (मध्यम जाडीच्या) पाईपची चौकट, आत २५ मिमी पाईपच्या तीन आडव्या ओळी आणि एक तिरका आधार, एवढ्या फाटकाचं वजन ६५ किलोच्या आसपास भरतं. वजनाचा मध्य खांबापासून पाच फुटांवर. दोन बिजागऱ्यांमध्ये साडेतीन फूट अंतर असेल तर वरची बिजागरी खांबाला झडपेकडे सुमारे ९३ किलोने ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने खांबाला मागे रेटते. हेच अंतर दोन फूट ठेवलं तर आकडा १६२ किलोवर जातो. आणि टोकाला ६० किलोचा माणूस लटकला, जे गुराखी पोरं रोज करतात, तर साडेतीन फूट अंतरावरही वरच्या बिजागरीवर आणखी १७० किलो चढतात.

यातून दोन गोष्टी निघतात. बिजागऱ्या झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून सहा-सहा इंचांवर लावा, शोभेसाठी मध्याकडे सरकवू नका. दुसरी, वरची बिजागरी एक सेंटीमीटर पुढे आली की १० फुटांवरचं टोक जवळपास तीन सेंटीमीटर खाली येतं. खांब डोळ्याला सरळ दिसत असतानाही फाटक घासतं ते यामुळेच.

तिसरी बिजागरी मध्ये लावायचा आग्रह बरेच जण धरतात. तिन्ही पिना एका रेषेत अचूक बसल्या नाहीत तर ती मदत करण्याऐवजी फाटक जाम करते. १० फुटांपर्यंत दोन दणकट बिजागऱ्या पुरेशा आहेत.

खांब

तारेच्या कुंपणाला वापरतात ते चार इंची सिमेंटचे पोल फाटकासाठी नाहीत. त्यांच्यातल्या बारीक सळ्या बाजूने सतत येणाऱ्या ओढीसाठी केलेल्याच नसतात. आधी तडे, मग पोल जमिनीलगत मोडतो. जिवंत बाभळीला किंवा लिंबाला बिजागरी ठोकण्याची पद्धत जुनी आहे, पण झाड जाड होतं, बिजागरी सालीत गिळली जाते आणि आस (फाटक जिच्याभोवती फिरतं ती रेषा) सरकते. हलक्या बांबूच्या झापेला चालेल, लोखंडाला नाही.

१०० मिमी बी क्लास पाईप घ्या. सहा मीटरच्या एका नगातून तीन-तीन मीटरचे दोन खांब निघतात: चार फूट जमिनीत, पावणेसहा फुटांच्या आसपास वर. बुडाशी एक फूट लांबीचे अँगलचे दोन तुकडे फुलीसारखे वेल्ड करा, म्हणजे खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि वर ओढला जात नाही. घरासमोरच्या फाटकाला विटांचे किंवा चिऱ्यांचे खांब हवे असतील तर आत सळ्यांचा पिंजरा असलेला काँक्रीटचा गाभा उभा करा आणि बिजागरीची प्लेट त्या सळ्यांना वेल्ड करा. नुसत्या चिऱ्यात किंवा विटेत ठोकलेले होल्डफास्ट (भिंतीत रोवायच्या लोखंडी पट्ट्या) जड फाटकाखाली सुटतात. जांभा तर ठिसूळ, कोपराच निघून येतो.

खड्डा दीड फूट बाय दीड फूट, खोली साडेचार फूट. तळाला सहा इंच दगडगोटे कुटून बसवा. मुरमाड किंवा तांबड्या जमिनीत एवढ्यावर काम भागतं.

काळ्या जमिनीत मात्र खरा त्रास आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि खांबाला दरवर्षी थोडा ढकलते. तिथे तीन पथ्यं पाळा. खाली मुरूम लागत असेल तर खोदाई मुरमात निदान फूटभर न्या, आणि खोली त्यामुळे वाढली तर खांबाचा पाईपही तेवढा लांब घ्या. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होऊ देऊ नका, कारण त्या आकाराच्या काँक्रीटला फुगणारी माती खालून पकडून वर उचलते; उलट तळ दोन-तीन इंच जास्त पोखरा. वरच्या दोन फुटांत काँक्रीटच्या भोवती जुन्या पत्र्याचा साचा लावा आणि साचा काढल्यावर तिथली काळी माती हटवून सहा इंच जाडीचा मुरूम पाणी मारत कुटून भरा. हे काम दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान उरका: माती खोदण्याजोगी ओलसर असते आणि खड्ड्यात पाणी साचत नाही. वैशाखात भेगाळलेल्या जमिनीत पुरलेला खांब मृगात हमखास हलतो.

खांबांना जमिनीतून जोडणारी पट्टी

हा भाग खर्च वाचवायला सर्रास गाळला जातो. खांब फाटकाच्या ओढीने कलतो तेव्हा जमिनीलगतची माती झडपेच्या बाजूला दबत जाते. दोन्ही खांबांच्या काँक्रीटमध्ये वरच्या अंगाला, वाटेच्या आडवी, नऊ इंच बाय नऊ इंच काँक्रीटची पट्टी ओतली की बिजागरीच्या खांबाला रेटा द्यायला समोरचा खांब मिळतो आणि दोघांमधलं अंतर कायम राहतं. पट्टीत १० मिमीच्या चार सळ्या, दर आठ इंचांवर ८ मिमीची रिंग, सळ्यांची टोकं दोन्ही खड्ड्यांच्या काँक्रीटमध्ये निदान फूटभर आत. पट्टीचा माथा जमिनीच्या पातळीत ठेवा, खाली काळी माती असेल तर चार इंच मुरूम घाला. वरून भरलेली ट्रॉली जाणार आहे, त्यामुळे सळ्यांत काटकसर नको. रानडुकरं फाटकाखालून उकरतात त्या भागात या पट्टीचा दुसरा फायदा वेगळा सांगायला नको.

काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). एका पोत्याला अडीच घनफूट वाळू, पाच घनफूट २० मिमी खडी, आणि २५ ते २८ लिटर पाणी. मजूर पाणी वाढवतात कारण पातळ माल ओढायला सोपा. पण जास्तीचं पाणी काँक्रीट कमजोर करतं. दोन खड्डे, पट्टी आणि पाईपच्या आतली भरण मिळून पाच पोती सिमेंट, साडेबारा घनफूट वाळू, २५ घनफूट खडी लागते. पाईपच्या आत भरायला मात्र बारीक खडी घ्या आणि बाहेरून हातोडीने ठोकत भरा, नाहीतर पोकळी राहते.

खांब उभा केल्यावर ओळंबा शेजारच्या दोन बाजूंनी लावा, समोरून आणि बाजूने. तीन दिशांना बल्ल्यांचे टेकू द्या, काँक्रीट ओतून झाल्यावर पुन्हा ओळंबा पाहा. दोन्ही खांबांमधलं अंतर बुडाशी आणि माथ्याशी सारखं आलं पाहिजे. काँक्रीट जमिनीच्या तीन-चार इंच वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्या. लोखंडी खांब सडतो तो नेमका जमिनीच्या रेषेत. माथ्यावर टोपी वेल्ड करा.

सात दिवस ओली पोती गुंडाळून पाणी मारा आणि त्याआधी झडप टांगू नका. दहा दिवस थांबलात तर उत्तम. घाई इथेच होते, कारण फाटक तयार होऊन पडलेलं असतं आणि जनावरं पिकात शिरत असतात. तेवढ्या दिवसांसाठी आडवे बांबू बांधा.

झडप: तिरका आधार कुठल्या दिशेला

पाईपचा किंवा अँगलचा तिरका आधार खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जायला हवा. तो दाब घेतो, टोकाचं वजन खांबाच्या पायथ्याकडे उतरवतो. बारीक सळई, पट्टी किंवा टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचा स्क्रू) लावलेली तार वापरणार असाल तर दिशा नेमकी उलट: वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे, कारण सळई ओढ सहन करते, दाबाखाली वाकते. पातळ पट्टी चुकीच्या दिशेला लावलेली फाटकं गावोगाव दिसतात, आणि पट्टीला आलेला बाक ते सांगतो.

झडप घेताना दोन्ही कर्ण मोजा. फरक पाच मिमीच्या आत असावा. पूर्ण पत्रा मारण्याचा मोह टाळा. वजन वाढतं ते एक, शिवाय वळवाचा ताशी ५४ किलोमीटरचा वारा १० बाय साडेचार फुटांच्या बंद पत्र्यावर सुमारे ५५ ते ६० किलोचा दाब टाकतो आणि उघडी झडप आपटवतो. शेळ्या किंवा कोंबड्या अडवायच्या असतील तर जाळी लावा.

बिजागऱ्या

या वजनाला २० मिमीची पिन आणि ५० बाय १० मिमी पट्टी हवी. वजन १०० किलोच्या पुढे गेलं तर २५ मिमी पिन. बुशाचं (पिन जिच्यात फिरते त्या नळीचं) भोक पिनेपेक्षा एक मिमी मोठं, त्याहून जास्त नको. खालच्या बिजागरीत पिनेचं टोक आणि बुशाचं बंद बूड यांच्यामध्ये पोलादी गोटी टाकून घ्या. झडपेचं सगळं उभं वजन या गोटीवर बसतं आणि फिरणं हलकं होतं. वरची बिजागरी फक्त ओढ सांभाळते, तिच्यावर झडप टेकू देऊ नका. तिथे वर-खाली तीन ते पाच मिमी मोकळीक राहू द्या.

दोन्ही पिना वर तोंड करून लावल्या तर झडप कोणीही उचलून नेऊ शकतो. भंगाराच्या भावामुळे हे घडतं, आणि म्हैसही शिंगांनी किंवा मानेने आडवा पाईप उचलून झडप पिनेवरून काढते. उपाय: खालची पिन वर तोंड करून, वरची खाली तोंड करून. अशी झडप आधी खालच्या पिनेवर ठेवायची आणि मग वरची बिजागरी जागेवर आणून पक्की करायची.

शेतात वेल्डिंग करायचं तर वीज हा प्रश्न असतो. थ्री फेज अनेकदा रात्रीच येते. म्हणून वरची बिजागरी खांबाला मिठी मारणाऱ्या गोल क्लॅम्पची, नट-बोल्टची करून घेणं सोयीचं. नंतर मागे-पुढे करायलाही ती बरी. एकदा जुळली की क्लॅम्पखाली एक टाका वेल्ड करा, म्हणजे सरकणार नाही, आणि बोल्टचं उघडं टोक ठोकून चपटं करा, म्हणजे कोणी खोलणार नाही.

टांगणी

किमान तीन माणसं हवीत. झडप बंद अवस्थेत दोन खांबांमध्ये विटा आणि लाकडी पाचरांवर उभी करा. जमिनीपासून चार इंच फट धरा, शेळ्या असतील तर दोन इंच. मोकळं टोक बिजागरीच्या टोकापेक्षा अर्धा इंच उंच ठेवा. बुशातली मोकळीक आणि सुरुवातीची बैठक यात तेवढं खाली येतंच. झडप दोरीने खांबांना बांधा.

मग दोन्ही पिनांचे मध्य एकाच ओळंब्यात आहेत का पाहा, समोरून आणि बाजूने. इथे चूक झाली तर पुढची कुठलीही दुरुस्ती वरवरची. बिजागऱ्यांना प्रत्येकी दोन-तीन टाकेच वेल्ड मारा, पाचरा काढा, झडप पूर्ण फिरवून पाहा. ती बंद, अर्धी उघडी, पूर्ण उघडी, अशी कुठेही सोडली तरी जागेवर थांबली पाहिजे. आपोआप एखाद्या बाजूला जात असेल तर आस वरच्या अंगाने त्याच बाजूला कललेली आहे. टाके तोडून पिन सरकवा. सगळं जुळल्यावर पूर्ण वेल्ड, ३.१५ मिमी रॉडने, थोडं थोडं, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी, नाहीतर उष्णतेने पट्टी ओढली जाते. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प ज्या तुकड्यावर वेल्ड चालू आहे त्याच तुकड्याला लावा. करंट गोटीतून गेला तर गोटीवर खड्डे पडतात आणि नवं फाटक पहिल्या दिवसापासून करकरतं. पाईप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर वेल्डच्या जागचा मुलामा आधी ग्राइंडरने काढा. त्याचा धूर छातीला वाईट.

चढावर उघडणाऱ्या फाटकाचं टोक जमिनीत घुसतं. शक्य असेल तर ते उताराकडे उघडा. नसेल तर आस मुद्दाम कलती ठेवा: खालची पिन उघडण्याच्या बाजूला पुढे काढा. १० फुटांवर सहा इंच उचल हवी आणि बिजागऱ्यांत साडेतीन फूट अंतर असेल तर खालची पिन वरचीपेक्षा दोन इंच पुढे येते. अशी झडप बंद असताना थोडी बाहेर झुकलेली दिसते आणि सोडली की आपोआप मिटते. ती उघडी धरायला आकडा (हूक) लागेलच.

मोकळ्या टोकाखाली चाक लावल्याने सगळा प्रश्न सुटतो असं वाटतं. खडबडीत मुरमावर ते चाक झडप उचलत-आपटत नेतं आणि बिजागऱ्या ढिल्या करतं. काँक्रीटचा वर्तुळाकार पट्टा करणार असाल तरच चाक लावा.

कडी, अडसर, आकडा

जनावर फाटकाला अंग घासतं आणि साधी आडवी कडी सरकत सरकत उघडते. कडीच्या दांड्याला खाली पडणारा कान असू द्या, म्हणजे ती उचलल्याशिवाय सरकत नाही. कोयंड्याचं भोक उभट, दीड इंच उंच ठेवा. झडप पुढे थोडी बसली तरी कडी लागत राहते. खांबाला थांबा म्हणून अँगलचा तुकडा लावा, नाहीतर वाऱ्याने झडप पलीकडे जाऊन बिजागरी उलटी मुरडते. दोन झडपांच्या फाटकात एका झडपेला १६ मिमीचा उभा अडसर लागतो, त्याच्यासाठी वाटेतल्या काँक्रीटच्या पट्टीत एक इंची पाईपचा तुकडा आरपार बसवा. बूड उघडं ठेवून खाली खडी भरली की पाणी आणि माती साचून भोक बुजत नाही.

कुंपणाची तार बिजागरीच्या खांबाला बांधू नका. तारेचा ताण कमी-जास्त झाला की फाटकाची जुळणी बिघडते. दोन फुटांवर वेगळा खांब रोवून तार तिथे संपवा.

लोंबलेलं फाटक दुरुस्त करताना

आधी खांबाला ओळंबा. तो सरळ असेल तर टोक हाताने उचला: बिजागरीत खटखट ऐकू आली तर बुश झिजलंय, ते बदला. तेही ठीक असेल तर कर्ण मोजा. फरक आला तर चौकट मुरडली आहे. वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे १२ मिमी सळई आणि टर्नबकल लावून दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत ताणा. खांबच कलला असेल तर झडप उतरवा, खांब चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) ओळंब्यात ओढा, जोडपट्टी नसेल तर ती आत्ता ओता, आणि मागे खड्ड्याच्या तळापर्यंत मोकळी झालेली जागा काँक्रीटने भरा. नुसती माती दाबून ठेवलेला खांब पुढच्या पावसात पुन्हा तिथेच येतो.

रंगाला रेड ऑक्साईडचे दोन हात, वर इनॅमल. पिन आणि बुशाच्या आत रंग जाऊ देऊ नका, तिथे चॅसिस ग्रीस. गाडीचं जळकं ऑइल धूळ धरतं आणि पिन पॉलिश पेपरसारखी घासून काढतं. ग्रीस वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. त्याच वेळी वरच्या क्लॅम्पचे बोल्ट आणि खांबाचा ओळंबा पाहून घ्या.